थिन फिल्म सोलर पॅनेल "१५ टक्के जास्त वीज" देतात का? दावे तपासायचे कसे?

वसुंधरा_कोथरूड

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गच्चीसाठी (कोथरूड, तीन विंग, सामाईक वीज म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) २० किलोवॅट सोलरचे प्रस्ताव आले आहेत. दोन नेहमीच्या मोनो (एकस्फटिकी सिलिकॉन) पॅनेलचे, तिसरा थिन फिल्मचा, म्हणजे वीज बनवणारा थर अगदी पातळ असलेल्या पॅनेलचा. चर्चा सगळी तिसऱ्याचीच चाललीय. त्यातले दावे जसेच्या तसे देते:

"पारंपरिक पॅनेलपेक्षा दर किलोवॅटमागे १५ टक्के जास्त युनिट. पुण्याच्या उन्हाळ्यात तापल्यामुळे तोटा नाही. पावसाळ्यात ढगाळ हवेतही उत्पादन चालू. टाकीच्या सावलीचा फरक पडत नाही. २५ वर्षं वॉरंटी."

डेटाशीटवर ८५ वॅट, माप १२०० × ६०० मिमी, तापमान गुणांक (एक अंश तापलं की वीज किती घटते तो आकडा) उणे ०.२५ टक्के प्रति अंश. सोबत दोन महिन्यांचा तुलनेचा आलेख आहे. त्यांची रेघ वर, "मोनो" लिहिलेली खाली. गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली आणि येण्याजाण्याची वाट सोडून १९० चौ. मी. मोकळी जागा आहे.

कुठलं पॅनेल घ्यावं हा पुढचा प्रश्न. असे दावे तपासायचे कसे ते आधी समजून घ्यायचंय, म्हणजे सभेत आकडे मांडता येतील.

ओहमचा_नियम

ताई, सुरुवात मापापासून करा. १.२ × ०.६ म्हणजे ०.७२ चौ. मी. त्यातून ८५ वॅट, म्हणजे चौरस मीटरला ११८ वॅट. कार्यक्षमता ११.८ टक्के. प्रमाणित ऊन चौरस मीटरला १००० वॅट धरतात, म्हणून वॅट भागिले क्षेत्रफळ भागिले १० केलं की टक्केवारी हातात येते. विक्रेत्याने ती लिहिलेली असो वा नसो.

आता २० किलोवॅटला असे २३६ पॅनेल लागतील, नुसती काच १७० चौ. मी. सध्याचं ५८० वॅटचं टॉपकॉन (मोनोचाच नवा प्रकार) २२७८ × ११३४ मिमीचं असतं. २.५८ चौ. मी., साडेबावीस टक्के. तेवढ्याच कामाला ३५ पॅनेल, ९० चौ. मी. तुमच्या १९० मध्ये १७० ची काच बसवून ओळींमधलं अंतर आणि धुवायला जागा कुठून काढणार? प्रस्तावासोबत गच्चीचा मापासह आराखडा नसेल तर तो आधी मागा.

आणि २३६ पॅनेल म्हणजे २३६ जोड्या कनेक्टर, तेवढे क्लॅम्प, लांबलेलं स्ट्रक्चर. पॅनेल स्वस्त दिलं तरी हा खर्च वाढतोच.

चहा_दोन

वाचतोय. अशीच पत्रकं वाकड, बाणेरलाही फिरताहेत.

पाषाण_टेकडी

तापमानाच्या दाव्याबद्दल. "तोटा नाही" हे त्यांच्याच डेटाशीटने खोडलंय. गुणांक उणे ०.२५ आहे, शून्य नाही. फरक किती पडतो ते मोजू.

पॅनेलवर छापलेले वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे. गच्चीवर सेलचं तापमान काढायचं सोपं सूत्र: हवेचं तापमान + (एनओसीटी − २०) ÷ ८०० × ऊन. एनओसीटी म्हणजे ठरावीक ऊन-वाऱ्यात सेल किती तापतो तो आकडा, डेटाशीटवर असतो, साधारण ४५. एप्रिलच्या दुपारी हवा ३८, ऊन १००० वॅट, तर सेल ६९ अंशांवर. २५ च्या वर ४४ अंश. आता गुणाकार करा:

जुनं मल्टी, म्हणजे बहुस्फटिकी सिलिकॉन (०.४५): जवळपास २० टक्के घट
मोनो पर्क, म्हणजे टॉपकॉनच्या आधीचा प्रकार (०.३५): १५.४
टॉपकॉन (०.३०): १३.२
तुमचं थिन फिल्म (०.२५): ११

ही एप्रिलच्या एका दुपारची गोष्ट. वर्षभराचं काढायचं तर उन्हाच्या जोरानुसार भारित सरासरी घ्यावी लागते. पुण्यात सेल सरासरी ५० अंशांच्या थोडं वर धरा, म्हणजे २५ च्या वर २६ अंश. पर्कपेक्षा फायदा ०.१० × २६ = २.६ टक्के. टॉपकॉनपेक्षा १.३ टक्के. जुन्या मल्टीशी तुलना केलीत तर ५ टक्के. १५ कुठेच नाही.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच: "पारंपरिक" म्हणजे नेमकं कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षाचं?

कर्वेरोड_सोलर

थोडी बाजू थिन फिल्मचीही मांडतो, कारण हा धागा वाचून कुणाला वाटेल की तंत्रज्ञानच टाकाऊ आहे. तसं नाही. कॅडमियम टेल्युराइडची पॅनेल (थिन फिल्मचाच एक प्रकार) जगभर मोठमोठ्या प्रकल्पांत वर्षानुवर्षं चालताहेत. फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीचा चेन्नईजवळचा ३.३ गिगावॅटचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आणि त्यांची आजची पॅनेल १९ टक्क्यांच्या आसपास आहेत. ११.८ नाहीत.

शिवाय तापमानाखेरीज वर्णपटाचाही, म्हणजे प्रकाशातल्या कुठल्या लहरी वापरल्या जातात याचाही, फायदा असतो. कॅडमियम टेल्युराइड साधारण ८५०-९०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश वापरतं, सिलिकॉन ११०० पर्यंत. हवेतलं बाष्प नेमका ९४० च्या आसपासचा आणि ११०० च्या पुढचा पट्टा शोषतं. दमट हवेत सिलिकॉनच्या वाट्याचा प्रकाश कमी होतो, कॅडमियम टेल्युराइडच्या वाट्याला फारसा हात लागत नाही. कोकणात, चेन्नईत हा फरक मोजण्यात दिसतो.

पाषाण_टेकडी

@कर्वेरोड_सोलर, मुद्दा रास्त आहे, आणि तो कोकणासाठी जास्त रास्त आहे. पुण्याचं वर्ष बघा. प्रमाणित वर्णपटात बाष्पाचं प्रमाण १.४२ सेमी (हवेतल्या सगळ्या बाष्पाचं पाणी झालं तर त्याची खोली) धरलेलं असतं. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल हवा कोरडी, म्हणजे त्या प्रमाणाच्या जवळपास. तेव्हा वर्णपटाचा फायदा नावापुरता. जून ते सप्टेंबर बाष्प भरपूर, फायदा मिळतो, पण तेव्हा ऊनच कमी. जेव्हा युनिट जास्त तेव्हा टक्के कमी, आणि जेव्हा टक्के जास्त तेव्हा युनिट कमी. वर्षाला गोळाबेरीज एक-दोन टक्के.

ढगाळ हवेचंही तसंच. २०० वॅटच्या उन्हात एखादं पॅनेल दुसऱ्यापेक्षा ५ टक्के सरस आहे असं मानू. वर्षाच्या एकूण उन्हापैकी १० टक्के ऊन अशा मंद वेळचं असेल, तर वर्षाचा फायदा ५ चे १० टक्के, म्हणजे अर्धा टक्का. "ढगाळ हवेतही चालू" हे खरं, पण ते प्रत्येक सोलर पॅनेलबद्दल खरं आहे. आषाढातल्या झाकोळलेल्या दिवशी सगळ्यांचंच उत्पादन एकत्र खाली येतं.

कर्वेरोड_सोलर

बेरीज मान्य. तापमान दीड ते अडीच, वर्णपट एक-दोन, मंद प्रकाश अर्धा. म्हणजे चांगल्या कॅडमियम टेल्युराइडसाठी पुण्यात ३ ते ५ टक्के, तेही दर किलोवॅटमागे. एवढा दावा असता तर तो प्रामाणिक म्हटला असता.

मीटरवाचक

मग आलेखात १५ कुठून आले? वसुंधराताई, त्या आलेखाखाली या गोष्टी लिहिलेल्या आहेत का बघा. कुठले दोन महिने? भागाकार कशाने केला, छापील वॅटने की प्रयोगशाळेत मोजलेल्या वॅटने? युनिट डीसी बाजूला (पॅनेलकडे) मोजले की इन्व्हर्टरनंतर, म्हणजे डीसीची एसी झाल्यावर? दोन्ही बाजूंचे पॅनेल किती जुने?

यातला भागाकाराचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "दर किलोवॅटमागे युनिट" या आकड्यात खाली असतात स्टिकरवरचे वॅट. ८५ चं स्टिकर लावलेलं पॅनेल फ्लॅश टेस्टमध्ये (प्रकाशाच्या झोतात केलेली प्रयोगशाळेतली मोजणी) ८९ भरलं, तर काहीही विशेष न करता ते पावणेपाच टक्के "जास्त" वीज देतं. ग्राहकाला त्याचा फायदाच आहे, पण तो तंत्रज्ञानाचा गुण नाही, स्टिकरचा आहे. दुसऱ्या कंपनीने स्टिकर अचूक लावलं तर ती उगाच मागे दिसते.

दुसरं, दोन महिने. पॅनेल अमॉर्फस सिलिकॉनचं (थिन फिल्मचा आणखी एक प्रकार) असेल तर पहिल्या काही महिन्यांचे आकडे मोजूच नका. उजेडात ठेवल्यावर त्याची शक्ती सुरुवातीला १० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते आणि मग स्थिरावते. स्टेबलर-रोन्स्की परिणाम, १९७७ पासून माहीत असलेला. चांगली कंपनी स्टिकरवर स्थिरावलेले वॅट छापते, त्यामुळे नवं पॅनेल पहिले काही आठवडे स्टिकरच्या बरंच वर चालतं. त्या आठवड्यांचा आलेख काढला की १५ टक्के आपोआप येतात, खोटा एक आकडा न लिहिता. सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमची थिन फिल्म) आणि कॅडमियम टेल्युराइडमध्येही उजेड-अंधाराने शक्ती थोडी हलते, म्हणून आयईसी ६१२१५ या पॅनेल चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आधी पॅनेल स्थिरावून मगच मोजायला सांगितलंय.

तिसरं, इन्व्हर्टर. मोनोच्या बाजूला १३ किलोवॅट पॅनेल आणि १० चा इन्व्हर्टर असेल, तर दुपारी माथा छाटला जातो. आलेखात ती रेघ सपाट दिसते. तो पॅनेलचा दोष नव्हे. दिवसभराचा तासवार आलेख मागितला की लगेच उघडं पडतं.

भोसरी_शेड

आणखी एक, बारीक पण नेहमी राहून जाणारं. फ्रेमच्या पॅनेलला १० अंशांच्या आत उतार दिला की खालच्या कडेला, फ्रेम आणि काचेच्या कोपऱ्यात पाणी साचतं. सुकलं की बोटभर रुंदीची मातीची पट्टी राहते. वळवाच्या एका सरीनंतर तर हमखास. ती पट्टी खालच्या रांगेतल्या सेलवर चढली की मोनोच्या आख्ख्या भागाची वीज खाली ओढली जाते. बिनफ्रेमच्या थिन फिल्मवर ती पट्टी जमत नाही. कॅमेरा लांब ठेवून काढलेल्या फोटोत दोन्ही पॅनेल स्वच्छ दिसतात. तुलनेच्या जागेचे खालच्या कडेचे जवळून फोटो मागा, आणि धुण्याची नोंदवही.

मेट्रोच्या आणि बांधकामांच्या धुळीत आपल्याकडे हा फरक छोटा राहत नाही. उपाय साधा: उतार १५ ते १८ अंश, वारा आणि स्ट्रक्चर सांभाळून. पाणी मग थांबत नाही.

स्वाती_वारजे

पत्र्याच्या शेडवर चिकटवायची लवचीक पॅनेल मिळतात, ती पण थिन फिल्मच ना? चाकणच्या शेडसाठी कुणी सुचवलीत.

भोसरी_शेड

@स्वाती_वारजे, बहुतेक वेळा नाही. ऑनलाइन मिळणारं १०० वॅटचं लवचीक पॅनेल साधारण १०५० × ५४० मिमी असतं. ०.५६७ चौ. मी., म्हणजे साडेसतरा टक्के. उजेडात तिरपं धरून पाहा, चौकोनी सेल आणि बारीक तारा दिसल्या तर ते प्लास्टिकमध्ये बंद केलेलं साधं मोनोच. थिन फिल्मवर चौकोन दिसत नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर बारीक रेघा असतात, सेंटीमीटरभर किंवा त्याहून कमी अंतरावर.

याच हिशोबाने थापाही पकडता येतात. एक मीटर बाय साठ सेंटीमीटरचं "३०० वॅट" पॅनेल म्हणजे ५० टक्के कार्यक्षमता. एका थराच्या सेलची सैद्धांतिक मर्यादाच ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. पुढे वाचायची गरज नाही.

खऱ्या लवचीक सीआयजीएसचं वजन चौरस मीटरला दोन-तीन किलो, काचेच्या पॅनेलचं १२ ते १५. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर किंवा हलक्या शेडवर काच चालत नसेल तिथे त्याला अर्थ आहे. पण पत्र्याला चिकटवलं की मागून वारा जात नाही. सेल मोकळ्या स्ट्रक्चरपेक्षा १०-२० अंश जास्त तापतो. ०.०५ चा गुणांकाचा फायदा तिथेच जातो. आणि गोंद भाजतो. पत्र्याचा रंग, लाटांची खोली, गोंदाची वॉरंटी कोण देतो, हे सगळं लेखी घ्या. उद्या पत्रा गळला तर पॅनेल काढता येत नाही, फाडावं लागतं.

अवनी_इलेक्ट्रिकल

सावलीच्या दाव्यावर लिहिते, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि अर्ध्या सत्यानेच गच्चीचं नुकसान होतं.

थिन फिल्मचे सेल म्हणजे लांब अरुंद पट्ट्या, एकापुढे एक जोडलेल्या. सावलीची धार पट्ट्यांना आडवी गेली तर प्रत्येक पट्टीचा सारखाच भाग झाकला जातो आणि वीज झाकलेल्या भागापुरतीच कमी होते. इथपर्यंत दावा बरोबर. पण तीच सावली पट्ट्यांच्या लांबीला समांतर पडली तर एक-दोन पट्ट्या पूर्ण झाकल्या जातात आणि आख्ख्या पॅनेलचा प्रवाह त्या अडवतात. त्याहून वाईट, झाकलेल्या पट्टीवर उलटा व्होल्टेज येतो आणि सीआयजीएससारख्या पॅनेलमध्ये कायमचे डाग पडू शकतात. म्हणून पॅनेल उभं बसवायचं की आडवं हे सावली ज्या बाजूने येते त्यावर ठरतं. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मोनोमध्ये तीन बायपास डायोड (झाकलेल्या भागाला वळसा देणारे) असतात, हाफ-कट (अर्धे कापलेले सेल) असेल तर वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा चालतो. सावलीत तेही अगदी हतबल नसतं.

तुमच्या टाकीचं गणित: पुण्यात २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर. अडीच मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला सव्वादोन मीटर, सकाळी नऊला याच्या कितीतरी जास्त. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. टाकीच्या दोन्ही अंगांना जागा सोडावी लागते. पॅनेल कुठलंही असो, सावलीतली जागा मोजून वगळा.

आता वायरिंग. काही थिन फिल्म पॅनेलचा ओपन सर्किट (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज खूप असतो आणि प्रवाह थोडा. मोठ्या कॅडमियम टेल्युराइड पॅनेलमध्ये एकेकाचा व्होल्टेज सव्वादोनशेच्या आसपास. ६०० व्होल्टच्या घरगुती इन्व्हर्टरला असे दोनच जोडता येतात, १००० च्या इन्व्हर्टरला चार. मग स्ट्रिंगची (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळांची) संख्या वाढते, कॉम्बायनर बॉक्स, फ्यूज, केबल सगळं वाढतं. तुमच्या ८५ वॅटच्या पॅनेलचा व्होल्टेज डेटाशीटवरून बघा, हिवाळ्यातल्या पहाटेच्या सर्वात कमी तापमानाला दुरुस्त करून इन्व्हर्टरच्या कमाल आकड्याशी ताडा. थंडीत व्होल्टेज वाढतो हे बरेच जण सोडून देतात.

आणि अर्थिंग. काचेच्या आतल्या पारदर्शक वाहक थराला गंज लागू नये म्हणून काही थिन फिल्म कंपन्या ऋण टोक अर्थ करायला सांगतात. आजचे बहुतेक इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना असतात, त्यांना ते चालत नाही. इन्व्हर्टर आणि पॅनेल या दोन्ही कंपन्यांचं "हे एकत्र चालेल" असं पत्र नसेल, तर दोन-तीन वर्षांनी वॉरंटी मागताना दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

निवृत्त_वीजमंडळ

सगळं छान चाललंय, पण एक गोष्ट आधी तपासा म्हणजे बाकीचे कष्ट वाचतील. नेट मीटरिंगच्या (जादा वीज ग्रीडला देऊन बिलात वळती करण्याच्या) प्रकल्पांना केंद्राच्या एएलएमएम यादीतलीच, म्हणजे मान्यताप्राप्त मॉडेलांच्या यादीतलीच, पॅनेल लागतात. २०२३ मध्ये त्या यादीसाठी किमान कार्यक्षमता ठरली, छतावरच्या वापरासाठी सिलिकॉनला १९.५ टक्के आणि कॅडमियम टेल्युराइडला १८.५. तुमचं ११.८ त्याच्या जवळपासही नाही. विक्रेत्याकडून मॉडेल नंबर लेखी घ्या आणि यादीत शोधा. कंपनीचं नाव यादीत असून भागत नाही, तेच मॉडेल हवं.

केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. त्यासाठी पॅनेल देशी सेलची असावी लागतात. हे पैसे हातचे गेले तर "१५ टक्के जास्त" खरे निघूनही परवडणार नाही.

ओहमचा_नियम

+१. हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. वसुंधराताई, सभेत पहिल्या पानावर हेच ठेवा.

सिंहगडरोड_वाचक

कॅडमियम विषारी ना? गारपिटीत काच फुटली तर पाण्याच्या टाकीत जाईल का?

कर्वेरोड_सोलर

@सिंहगडरोड_वाचक, पॅनेलमध्ये ते टेल्युरियमशी बांधलेल्या संयुगाच्या रूपात, काही मायक्रॉनच्या थरात आणि दोन काचांच्या मध्ये चिकटवलेलं असतं. तडा गेला म्हणून धूळ होऊन उडत नाही. पण फुटलेलं पॅनेल गच्चीवर ठेवून द्यायचं नाही, भंगारवाल्याला तर अजिबात नाही. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सोलर पॅनेलही आली आहेत, परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची. करारात "निकामी पॅनेल कोण, कुठल्या खर्चाने नेणार" ही ओळ घाला. सिलिकॉनच्या पॅनेललाही लागू आहे, त्यांच्या सोल्डरमध्ये सहसा शिसं असतं.

गारांची आयईसीतली नेहमीची चाचणी २५ मिमी बर्फाच्या गोळीची, सेकंदाला २३ मीटर वेगाने. बिनफ्रेमची काच गारांपेक्षा क्लॅम्पपाशी जास्त फुटते. रबर नसलेला क्लॅम्प, किंवा टॉर्क पाना न वापरता आवळलेला बोल्ट. मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये आकडा दिलेला असतो.

मीटरवाचक

वॉरंटीवरही दोन शब्द. २५ वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी २५ वर्षं टिकायला हवी. थिन फिल्मच्या इतिहासात हा खरा धोका आहे. लवचीक अमॉर्फस पॅनेलची मोठी अमेरिकी कंपनी यूनि-सोलर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानच्या सोलर फ्रंटियरने २०२२ मध्ये सीआयएस (सीआयजीएसच्याच कुळातली) पॅनेल बनवणं थांबवलं. आणि टिकलेल्या कंपनीचंही तपासा: फर्स्ट सोलरने २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं की सिरीज ७ या पॅनेलच्या सुरुवातीच्या काही उत्पादनात शक्ती लवकर घटू शकते, आणि त्यासाठी तरतूद केली. हे जाहीर करणं मला विश्वासार्ह वाटतं. छोट्या आयातदाराच्या कागदावर अशा गोष्टी कधी येत नाहीत.

प्रमाणपत्राचाही अर्थ नीट घ्या. आयईसी ६१२१५ मध्ये ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास, उणे ४० ते ८५ अंशांच्या २०० फेऱ्या वगैरे असतं. ढिसाळ बनावटीचं पॅनेल त्यात नापास होतं. २५ वर्षांची हमी त्यातून निघत नाही. भारतातल्या हवेत पॅनेल किती झिजतात हे बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या केंद्राने आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने मिळून केलेली देशभरची सर्वेक्षणं वाचा. गरम भागातली आणि गच्चीवरची पॅनेल जास्त झिजलेली दिसतात, आणि बसवण्याच्या दर्जाचा वाटा त्यात मोठा आहे.

वसुंधरा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याला वरचे प्रश्न लेखी पाठवले. उत्तर आलं: पॅनेल सीआयजीएस, आलेख ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, भागाकार छापील वॅटने, समोरचं "मोनो" २५० वॅटचं साठ सेलचं. एएलएमएमबद्दल "प्रक्रिया सुरू आहे" एवढंच. म्हणजे आमच्यापुरता तो प्रस्ताव संपला.

पण मूळ प्रश्न उरतोच. उरलेल्या दोन मोनो प्रस्तावांतही "वर्षाला किलोवॅटमागे १६०० युनिट" आणि "१४५०" असे वेगवेगळे दावे आहेत. बसवून झाल्यावर ते खरे की खोटे हे आम्ही कसं मोजायचं?

पाषाण_टेकडी

पॅनेल २५० वॅट साठ सेल! म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचं, गुणांक ०.४२ ते ०.४५ चं. त्यात किती वर्षांची झीज आणि धूळ आहे कुणास ठाऊक. १५ चा उगम सापडला.

१६०० आणि १४५० बद्दल: पीव्हीजीआयएस या मोफत संकेतस्थळावर कोथरूड निवडा, उतार १५ अंश, दिशा दक्षिण, तोटा १४ टक्के ठेवा. तिथे सिलिकॉन, सीआयएस, कॅडमियम टेल्युराइड असे पर्यायही आहेत. तिन्ही चालवून फरक स्वतः बघा. प्रस्तावातला आकडा त्यापेक्षा बराच वर असेल तर कुठला तोटा कमी धरला ते विचारा. पुण्यात १४५० हा सांभाळून दिलेला आकडा आहे, १६०० साठी सावली, धूळ, केबल सगळंच मनासारखं असावं लागेल.

मीटरवाचक

मोजण्याचे दोन प्रकार, दोन्ही करा.

पहिला, बसवल्याच्या आठवड्यात. निरभ्र दिवस, सकाळी साडेअकरा ते दुपारी दीड, पॅनेल आदल्या दिवशी धुतलेली. हवं ते: पॅनेलच्याच उतारावर धरलेला ऊनमापक, पॅनेलच्या पाठीवर मध्यभागी चिकटवलेला तापमान सेन्सर, डीसी क्लॅम्प मीटर, १००० व्होल्टचा मल्टिमीटर. स्ट्रिंग चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही, डीसीचा ठिणगीचा झोत विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर. हे काम वायरमननेच करावं.

समजा सहा पॅनेलची स्ट्रिंग, प्रत्येकी ५४० वॅट, एकूण ३२४०. ऊन ८७०, पाठीचं तापमान ५८, सेल दोन अंश जास्त म्हणजे ६०. गुणांक ०.३५. अपेक्षित शक्ती = ३२४० × ०.८७ × (१ − ०.३५ टक्के × ३५) = ३२४० × ०.८७ × ०.८७७५ = सुमारे २४७० वॅट. मीटरवर २३५० आले तर ९५ टक्के. ठीक आहे, बाकीचे केबल, पॅनेलमधला फरक आणि मापकाची चूक यात जातात. ९० च्या खाली आलं तर स्ट्रिंग एकेक करून तपासा. बहुतेक वेळा एक ढिला कनेक्टर, सावली किंवा एक कमकुवत पॅनेल निघतं.

दुसरा, वर्षभर. करारात "इतके युनिट" अशी हमी घेऊ नका. पाऊस जास्त झाला की ठेकेदार हवामानाकडे बोट दाखवतो, ऊन जास्त पडलं की वाईट पॅनेलही पास होतं. परफॉर्मन्स रेशोची हमी घ्या. महिन्याचे युनिट भागिले (किलोवॅट × पॅनेलच्या उतारावर पडलेलं ऊन). उदाहरणार्थ, महिन्यात चौरस मीटरला १८० युनिट ऊन पडलं, पॅनेल २०.३ किलोवॅट, हमी ०.७८, तर जनरेशन मीटरवर २८५० युनिट यायलाच हवेत. कमी पडले तर दर युनिटला किती भरपाई ते रुपयांत लिहा.

अवनी_इलेक्ट्रिकल

ऊनमापक कुठे आणि कोणता, हे पण करारात हवं. सिलिकॉनचा संदर्भ-सेल (ऊन मोजायला लावलेला छोटा सेल) दमट हवेत पायरॅनोमीटरपेक्षा (जवळपास सगळ्या लहरींचं ऊन मोजणारा मापक) वेगळं वाचतो, आणि त्याच्यावर सिलिकॉन पॅनेलच ताडलं तर वर्णपटाचा फरक आपोआप कटतो. मोनो लावताय तर संदर्भ-सेल स्वस्त आणि पुरेसा. थिन फिल्म आणि मोनो यांची तुलना करायची असेल तर मात्र पायरॅनोमीटरच, नाहीतर मापकच एका बाजूला झुकतो. चांगल्या पायरॅनोमीटरलाही दोनेक टक्क्यांची अनिश्चितता असते, म्हणून ३ टक्क्यांच्या फरकावर महिन्याभरात भांडू नका. वर्ष जाऊ द्या.

वसुंधरा_कोथरूड

संदर्भ-सेल कुणी बसवायचा, ठेकेदाराने की आम्ही?

अवनी_इलेक्ट्रिकल

ठेकेदाराने बसवायचा, पण डेटा लॉगरचा पासवर्ड सोसायटीकडे. सेल पॅनेलच्याच चौकटीवर, त्याच उताराला, टाकीच्या सावलीबाहेर. पॅनेल धुतील तेव्हा तोही त्याच फडक्याने पुसायचा. फक्त पॅनेल धुतली आणि सेल मळका राहिला तर ऊन कमी मोजलं जातं आणि रेशो फुगतो. कॅलिब्रेशन दोन वर्षांनी, खर्च कुणाचा तेही लिहा.

निवृत्त_वीजमंडळ

आणि शेवटच्या १० टक्के रकमेचं देणं पहिल्या वर्षाच्या रेशोशी बांधा. तेवढी अट मान्य करणाऱ्यालाच काम द्या.